जोडीची शिट्टी

ही घटना खरी आहे.

असं इथे प्रत्येक जण लिहितो, हे मला ठाऊक आहे. मीही या पानावरचं बरंच वाचतो, आणि पहिल्याच ओळीत 'खरी' दिसलं की मनातल्या मनात समासात प्रश्नचिन्ह काढतो. जुनी खोड. छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली आहेत. तुम्हीही माझ्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह काढा. मी रागावणार नाही. माझी मलाच पुरती खात्री नाही.

शिवाय चष्मा काढला की मला हातभर अंतरावरचंही धूसर दिसतं. हे आधीच सांगतो, कारण यातलं बरंचसं मी चष्म्याशिवाय पाहिलेलं आहे.

शेवटचं मात्र चष्मा लावून पाहिलं.

ती रात्र नव्हती. थंडीतली संध्याकाळ होती. जागा म्हणजे एक बंदिस्त पोहण्याचा तलाव. वर पत्र्याचं छप्पर, भिंतींना खूप उंचावर काचा, खाली निळ्या फरशा. तिथे बोललेला प्रत्येक शब्द छपराला आपटून परत यायचा. माझा सोडून. माझा आवाज लहानपणापासून बारीक. मी काही म्हणालो, की समोरचा "काय म्हणालात?" विचारणारच.

माझी धाकटी बहीण तिथे पोहायला शिकवायची. साठी उलटली तरी माझ्यासाठी ती छोटीच. बाकीचे 'बाई' म्हणत. तिनं लग्न केलं नाही. माझी बायको गेल्यावर तिनं मला पुस्तकांच्या खोक्यांसकट आपल्याकडे आणलं. घरात आम्ही दोघंच.

"दादा, वाचून वाचून वाळवी होशील एक दिवस," ती म्हणायची. "चल, पाण्यात उतर."

"या वयात?"

"बुडायला वय लागत नाही. मग पोहायला कशाला हवं?"

उतरलो. तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

दुपार कलली की आमचा वर्ग भरायचा. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या. दोघी जावा होत्या, त्या पाण्यावर तरंगतानाही सासूबद्दल बोलायच्या, आणि सासू जाऊन वीस वर्षं झालेली. एक शिंपीकाका होते. आणि त्यांचे मित्र, निवृत्त बसड्रायव्हर. त्यांना सगळे ड्रायव्हरच म्हणायचे.

छोटीचे नियम दोन.

पहिला. बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, काठी द्यायची. त्यासाठी भिंतीवर एक लांब बांबू टांगलेला होता.

"म्हणतातच ना बाई," शिंपीकाका म्हणाले, "बुडत्याला काडीचा आधार."

"काडीनं भागत नाही काका. म्हणून तर बांबू आणलाय."

सगळे हसले. ती हसली नाही.

"बुडणारा माणूस नातं ओळखत नाही," ती म्हणाली. "सख्खा भाऊ जवळ गेला, तरी त्याच्या डोक्यावर चढेल. त्याला खाली दाबेल. त्यात त्याचा दोष नसतो. त्याला फक्त वर यायचं असतं."

दुसरा नियम, जोडी. पाण्यात उतरताना प्रत्येकाला जोडीदार. मध्येच केव्हातरी ती एक लांब शिट्टी वाजवायची. असाल तिथे थांबायचं, जोडीदाराचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून वर करायचा. ज्या जोडीचा हात दिसणार नाही, तिथे काहीतरी बिनसलंय.

आमची संख्या विषम होती. उरायचो तो मी. कुणाला मी नको होतो असं नाही. मीच कुणाला विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी शिट्टी वाजली, सगळीकडे हात वर गेले आणि मी कठड्याला धरून खाली मान घालून उभा राहिलो.

"दादा, हात वर!"

"कुणाचा धरू?"

"माझा!"

आणि काठावरून तिनं आपला हात वर केला. मी पाण्यातून माझा केला. मधे दहा हात पाणी, पण झाली जोडी. लहानपणी तिची उजवी करंगळी दारात चेमटली होती. ती वाकडीच राहिली. चेहरा मला धूसर दिसायचा, पण ती वाकडी करंगळी मी कुठूनही ओळखली असती.

तिची आणखी एक सवय होती. वर्ग संपला, सगळे बाहेर गेले, की रिकाम्या पाण्याला ती शेवटची एक शिट्टी वाजवायची. आणि पाण्याकडे बघत थांबायची.

"आता कोण हात वर करणार आहे?" मी एकदा विचारलं.

"कुणी राहिलं असेल, तो."

आता शिंपीकाकांचं सांगतो.

तलावाच्या खोल बाजूला, पाण्याखाली भिंतीत एक गोल दिवा होता. एकदा शिंपीकाका त्याच्या जवळून पोहत आले आणि म्हणाले, "बाई, आज पाण्याला मुंग्या आल्यात."

"तुझ्या पायाला आल्या असतील," ड्रायव्हर म्हणाले. "दिवसभर मशिनचा पाय हाणतोस."

छोटीनं मात्र तिथल्या तिथे सगळ्यांना बाहेर काढलं. पाण्यात मुंग्या आल्यासारखं वाटणं म्हणजे वीज, असं ती म्हणाली. ऑफिसात जाऊन भांडली. कुणीतरी येऊन दिवा बघून गेलं. ठीक आहे म्हणाले.

पुढच्या वर्गाला ऊन लवकर उतरलं. बाहेरून कुणीतरी पाण्यातला दिवा लावला...

शिंपीकाका नेमके त्याच्यासमोर होते.

ओरडले नाहीत. हातपाय मारले नाहीत. फक्त थांबले. बुडणारा माणूस आरडाओरडा करतो, असं आपण वाचलेलं असतं. ते उभ्याचे उभे ताठ झाले. तोंड अर्धं पाण्यात. आणि उजवा हात हळूहळू वर आला.

जोडीसाठी करतात तसा.

"ए, दमलास काय रे?" म्हणत ड्रायव्हर जवळ गेले.

तेही थांबले.

"बाहेर!" छोटी किंचाळली. "सगळे बाहेर या! शिडीला हात लावू नका! लोखंडाला लावू नका!"

आम्ही उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून कसेबसे वर आलो. तिनं उडी मारली नाही. त्या दोघांकडे पाठ करून ती मेन स्विचकडे धावली. खटका खाली ओढला. दिवा विझला. मग बांबू काढून तिनं पाण्यात धरला.

ड्रायव्हरनी तो पकडला.

शिंपीकाकांनी पकडला नाही.

मग ती उतरली आणि त्यांना ओढून बाहेर आणलं. अँब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिली, तोंडानं श्वास देत राहिली. मी टॉवेल घेऊन नुसता उभा. त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. शेवटपर्यंत उघडली नाही.

घरी आल्यावर तिनं दिवा लावू दिला नाही.

"उडी मारली असतीस तर तीन गेले असते," मी म्हणालो. "तूच शिकवतेस ना?"

"कळतं रे मला. पण त्यांनी हात वर केला होता, दादा. आणि मी पाठ फिरवली."

नंतर एक वायरमन आला. बडबड्या माणूस. दिव्याच्या काचेला चीर गेली होती, आणि अर्थिंगची तार गंजून कधीच तुटलेली. त्यानं दिवाच उपटून काढला, वायर तोडली, भोक सिमेंटनं बुजवलं. मग काठावर उकिडवा बसून टेस्टर लावला, मीटर लावला, आणि सगळ्यात शेवटी पाण्याला उलट्या हाताची बोटं लावली.

"उलटा हात का?" मी विचारलं.

"काय म्हणालात?"

"हात... उलटा का?"

"सवय हो. सुलटा लावला आणि करंट असला तर मूठ मिटते. लोक म्हणतात वीज चिकटली. वीज कसली चिकटतेय! आपणच धरून ठेवतो. सोडायचं असतं, पण सोडता येत नाही." मग उठून हात झटकत म्हणाला, "आता या पाण्यात म्हशी सोडा, बाई. काही होणार नाही."

तरी छोटीनं मेनच्या पेटीला कुलूप घातलं. किल्ली शिट्टीच्या दोरीत ओवून गळ्यात. पाण्यात माणसं असताना मेन बंद म्हणजे बंद. उजेड काचांतून येईल तेवढाच.

तलाव पुन्हा सुरू झाला. ड्रायव्हर आले नाहीत. ते पुन्हा कधीच पाण्यात उतरले नाहीत. म्हणजे शिंपीकाका गेले, ड्रायव्हर गेले, आणि उरलेला मी तसाच एकटा.

पहिल्या दिवशी शिट्टी वाजली. मी हात वर केला आणि काठाकडे पाहिलं.

तिचा हात वर नव्हता.

"शाबास!" ती म्हणाली. "सगळे जोडीत!"

घरी चालत येताना मी विचारलं, "आज तू हात नाही केलास वर."

"कशाला? होतं की तुझ्याबरोबर कुणीतरी. कोण होतं रे? धाकट्या जाऊबाई?"

दोघी जावा एकमेकींचाच हात धरायच्या. हे तिलाही माहीत होतं. मी मनातच म्हटलं, लांबून तिचीही नजर चुकली असेल.

पुढच्या वेळी शिट्टी वाजली...

मी हात वर केला...

आणि पाण्याखालून कुणीतरी माझ्या तळव्यात हात सरकवला.

गार हात. बोटांची टोकं खरखरीत, किसणीसारखी. तसा स्पर्श मला माहीत होता. पाय मारायला शिकवताना शिंपीकाकांनी एकदा माझा हात धरला होता. सुया टोचून टोचून त्यांची बोटं तशीच झालेली.

मी वळून पाहिलं. चष्मा नव्हता. नुसतं निळं, हलणारं पाणी.

मूठ मिटली.

सगळ्यांचे हात खाली गेले. माझा जाईना.

"दादा, पुरे. हात खाली घे."

मी बोलायला गेलो. आवाज फुटला नाही. मग केव्हातरी तो हात सुटला. घरी पोचेपर्यंत माझ्या तळव्याला मुंग्या येत होत्या.

जेवताना सांगितलं तिला. तिचा घास हातातच राहिला.

"बोटं खरखरीत होती?"

"हो. पण भासही असेल. मला मेल्याला दिसतं तरी काय?"

तिनं घास परत ताटात ठेवला.

"आपण दोघंही जायचं बंद करू," मी म्हणालो. "तू पण. पुरे झालं आता."

"आणि ते तिथेच राहू देत? एकटे?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं आवाज बदलला. "बरं, हा एक महिना संपू दे. मग सोडते. पण उद्या तू ये. घरी एकटा बसलास तर नको ते मनात घेशील. मी तुझ्याच बाजूच्या काठावर थांबते. काही वाटलं तर शिट्टीची वाट बघू नकोस. नुसता हात वर कर. मी आहे."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याच बाजूला उभी होती. अगदी जवळ.

शिट्टी वाजली. मी हात वर केला. तिनंही केला. वाकडी करंगळी.

दुसरं कुणी आलं नाही.

मला इतकं हलकं वाटलं, की मी चक्क धाकट्या जाऊबाईंच्या विनोदावर मोठ्यानं हसलो. त्या दचकल्याच. "अगंबाई, यांना आवाज आहे!"

वर्ग संपला. सगळ्यांबरोबर मीही कपडे बदलायच्या खोलीत आलो. एकेक जण निघून गेला. दोघी जावांचं बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. उंच काचांतला उजेड करडा झाला होता. मी बाकावर बसून चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. एक मोजा घातला.

आतून शिट्टी आली. शेवटची. रिकाम्या पाण्याची.

त्यानंतर नेहमी तिच्या ओल्या चपलांची फटफट ऐकू यायची.

आली नाही...

"दादा?" तिचा आवाज. "अरे, तू अजून पाण्यातच?"

"मी इथे आहे," मी म्हणालो.

मी म्हणालो, हे नक्की. पण माझा आवाज दारापर्यंतही गेला नसणार.

"थांब. हलू नकोस. काठी देते." बांबू भिंतीवरून काढल्याचा आवाज. मग थोडा वेळ काहीच नाही. "धर ना रे... धरत का नाहीस? दादा!"

मी उठलो. दुसरा मोजा हातातच.

"आले, आले. हात दे. धर."

आणि शांतता.

पाण्याचा साधा चुबुकसुद्धा नाही.

मी दारात पोचलो. या वेळी डोळ्यांवर चष्मा होता.

खोल बाजूच्या भिंतीत, जिथे सिमेंटनं भोक बुजवलं होतं, तिथे पाण्याखाली गोल पिवळा उजेड होता.

छोटी काठावर पालथी पडलेली होती. बांबू बाजूला ठेवलेला. उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात, ताठ. तिच्या हातात एक हात होता. मनगटाच्या खाली काय होतं, ते त्या उजेडात मला दिसलं नाही.

तिची मान कशीबशी वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी काठावर. कोरडा. डोळ्यांवर चष्मा.

मग तिनं आपल्या हातातल्या हाताकडे पाहिलं.

तो चेहरा मला सांगता येणार नाही. शब्द हेच माझं काम होतं, तरी येणार नाही.

ती सरकत पाण्यात गेली. ताठच. हळू. कुणी फळी ओढून घ्यावी तशी.

मी उडी मारली नाही. तिनं शिकवलं होतं तसंच केलं. मेनकडे धावलो.

पेटीला कुलूप होतं. जाळीतून आतला खटका दिसत होता.

तो खालीच होता. दुपारपासून.

पाण्यात उजेड तसाच होता.

मी परत आलो, काठापासून लांब पोटावर पडलो आणि बांबू पाण्यात घातला. "छोटी, धर! छोटी!" या वेळी माझा आवाज छपराला आपटून परत आला. आयुष्यात पहिल्यांदा.

बांबू कुणीतरी पकडला.

मी ओढू लागलो. ती अंगानं चिमणीएवढी. एवढं वजन तिचं नव्हतं.

ते दोघांचं होतं.

मी ओढत राहिलो. तळहात सोलले. मग एकदम बांबू रिकामा झाला आणि मी उताणा पडलो.

उजेड विझला.

माझं ओरडणं ऐकून रस्त्यावरची माणसं धावत आली. दोघांनी तिला वर काढलं. तिच्या छातीवर हात ठेवून मी दाबू लागलो, तिनं काकांना दाबलं होतं तसं. कुणीतरी मला बाजूला केलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं असावं, वय झालं होतं, थंड पाणी. असेल. मी कोण त्यांना नाही म्हणणारा?

वायरमनला पुन्हा बोलावलं. त्यानं टेस्टर लावला, मीटर लावला. काही नाही. सिमेंट फोडलं. तोडलेल्या वायरीचं टोक आत कोरडं होतं. त्यानं गुंडाळलेली टेप जशीच्या तशी.

"मेन तुम्ही बंद केलं का?" त्यानं मला विचारलं.

"बंदच होतं."

"मग उजेड कसला बघितलात?"

मी त्याला तिच्या उजव्या मुठीबद्दल सांगितलं. शेवटपर्यंत उघडली नव्हती. त्या बडबड्या माणसानं या वेळी पाण्याला उलटा हातही लावला नाही. सामान गोळा करून निघून गेला.

तलाव बंद झाला. पाणी उपसून टाकलं म्हणतात. मी बघायला गेलो नाही.

आता घरात मी एकटा. बादली भरत नाही. नळाखाली तांब्या धरतो आणि लगेच अंगावर ओततो. नळालाही आधी उलटा हात लावतो. लोकांना वाटतं, म्हातारा चळला. कदाचित चळलाही असेल. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. या मजकुरात चूक कुठे आहे, ते पुन्हा पुन्हा वाचूनही सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

परवा संध्याकाळी एक पातेलं घासायला घेतलं. दूध करपलं होतं, म्हणून पाणी भरून ठेवलं होतं. नेमका तेवढ्यापुरता विसरलो. पाण्यात हात घातला.

खाली चौकात वाहतूक पोलिसानं शिट्टी वाजवली.

एक. लांब.

पातेल्यात... माझ्या तळव्यात एक हात सरकला.

या वेळी बोटं खरखरीत नव्हती. हात लहान होता. मी चाचपून पाहिलं.

करंगळी वाकडी होती.

खरं सांगतो, क्षणभर मला आनंद झाला. डोळे भरून आले. मी म्हणालो, "छोटी, मी आहे ग. दादा."

मूठ मिटली.

पातेलं वीतभर खोल आहे. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. मग दंडापर्यंत. मी ओट्याला पाय लावून मागे रेटलो, पातेलं कलंडलं, पाणी सांडलं. फरशीवर नुसतं साबणाचं पाणी. बाकी काही नाही.

हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप केलंय. शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील, माफ करा. उजवी मूठ परवापासून उघडत नाही.

मी हाक मारली तेव्हा तिनं मला ओळखलं नाही, एवढंच मनातून जात नाही. पण तिनंच तर सांगितलं होतं. बुडणारा माणूस नातं ओळखत नाही.

त्यात तिचा दोष नाही.

तिला फक्त वर यायचंय.